गोठलेल्या तेलाला विजेची ऊब

डिसेंबर-जानेवारीत पुण्यात खोबरेल तेलाची बाटली सकाळी उलटी धरली तर थेंब पडत नाही. मग घरातले कोणीतरी ती गॅलरीत उन्हाला नेऊन ठेवते, नाहीतर गरम पाण्याच्या गडूत बुडवते. पाच-दहा मिनिटांत तेल पातळ. यात नवल ते काय, असे तुम्ही म्हणाल. नवल काहीच नाही. पण समजा, हीच बाटली जमिनीखाली हजार मीटरवर पुरलेली आहे, तिचे तोंड वीतभर रुंद आहे आणि आतले तेल मोकळे नसून ओल्या वाळूच्या कणाकणांत अडकलेले आहे. मग काय कराल? ऊन तिथवर पोचत नाही, आणि गडूही पोचत नाही. तेलविहिरी खणणाऱ्यांपुढे हा पेच जगात अनेक ठिकाणी उभा आहे. त्यावर सुचलेल्या उपायांपैकी एक, म्हणजे विद्युच्चुंबकीय लहरी खाली सोडून तेल जागच्या जागी तापवणे, हा आजचा विषय आहे.

आधी एक गैरसमज दूर करायला हवा. खनिज तेलाचे जमिनीखाली तळे नसते. ते खडकाच्या छिद्रांत असते, स्पंजात पाणी असावे तसे. हा खडक बहुधा वालुकाश्म किंवा चुनखडी असतो. आपल्या पुण्याच्या पायाखाली काळा कातळ आहे, लाव्ह्याचा. म्हणून आपल्याकडे बोअर घेतला की पाणी लागते किंवा धूळ उडते. तेल लागत नाही. पण मुंबईच्या पश्चिमेला समुद्रात, सुमारे १६० किलोमीटरवर, १९७४ साली चुनखडीत तेल सापडले, ते मुंबई हाय. त्याही आधी, सप्टेंबर १९५८ मध्ये, खंबायतजवळ लुणेज येथे तेल लागले. त्या वेळी ते गाव कोणत्या राज्यात होते? द्वैभाषिक मुंबई राज्यात! १ मे १९६० ला दोन राज्ये झाली आणि तेलाचा तो पट्टा गुजरातकडे गेला. त्याच पट्ट्याच्या उत्तर टोकाला महेसाणा जिल्हा आहे. हा एकेकाळी गायकवाडांच्या बडोदे संस्थानचा मुलूख. तेथे बलोल आणि सांथाल ही दोन तेलक्षेत्रे आहेत, आणि आपली गोष्ट खरी तेथून सुरू होते.

कारण बलोलचे तेल जड आहे. तेलाच्या दाटपणाला शास्त्रात ‘श्यानता’ म्हणतात. पाण्याची श्यानता एक धरली, तर बलोलच्या तेलाची शेकड्यांत जाते, तीही जमिनीखालच्या सत्तर अंशांच्या उष्णतेत. असे तेल छिद्रांतून सरकत नाही. विहिरीने शोषून घ्यायचे म्हटले तर शंभर भागांपैकी दहापंधरा भाग वर येतात आणि बाकीचे खालीच राहतात. कॅनडातल्या आल्बर्टा प्रांतातली तेलमिश्रित वाळू याच्याही पुढची. तेथल्या थंड जमिनीत त्या डांबरासारख्या तेलाची श्यानता पाण्याच्या दहा लाख पट असते. पण तेच तेल दोनशे अंशांपर्यंत तापवले की ती दहाच्या घरात येते. दहा लाखांवरून दहावर! उष्णतेची ही किमया पाहिल्यावर माणसाला ‘तापवा’ याखेरीज दुसरे सुचणार नाही.

तापवायचे कसे? बलोलला ओएनजीसीने सरळ खालीच आग लावली. थट्टा नव्हे. एका विहिरीतून हवा दाबाने आत सोडायची, तेलाला पेट द्यायचा, आणि तेलातला सर्वांत जड, कोळशासारखा भाग जळत जळत पुढे सरकू द्यायचा. त्या उष्णतेने पुढचे तेल पातळ होऊन दुसऱ्या विहिरीकडे वाहू लागते. १९९० साली याचा प्रयोग सुरू झाला, आणि तो यशस्वी ठरल्यावर १९९७ पासून बलोल व सांथाल दोन्हीकडे मोठ्या प्रमाणावर ही पद्धत वापरात आली. तेलाचा थोडा भाग जाळून बराच भाग मिळवायचा, असा हा व्यवहार. जगात फार थोड्या ठिकाणी तो एवढ्या प्रमाणावर साधला आहे.

दुसरा मार्ग वाफेचा. आल्बर्टात तोच रूढ आहे. पण एक घनमीटर तेलाला दोन-तीन घनमीटर पाण्याची वाफ लागते, ते पाणी आधी शुद्ध करावे लागते, आणि विहीर खोल असली तर वाफ खाली पोचेपर्यंत वाटेतच तिची उष्णता सांडते. राजस्थानात बाघेवाला येथे १९९१ साली जड तेल सापडले. तेथे अलीकडच्या वर्षांत ऑइल इंडियाने वाफेचे प्रयोग केले आहेत. वाळवंटात वाफेसाठी पाणी, हे वाक्य उच्चारतानाच त्यातली अडचण कळते.

म्हणून वीज. विजेला पाणी लागत नाही. ती तारेतून हजार मीटर खाली सहज जाते. आणि खाली गेलेल्या विजेची आपण लहर करू शकतो. घराघरांतल्या मायक्रोवेव्ह भट्टीत हेच होते. चहा गरम होतो आणि कपाचा कान गारच राहतो, हे आपण रोज पाहतो. मग तेलाच्या थरात तसलीच एक भट्टी नेऊन ठेवावी, की झाले!

इथेच मोठी गंमत आहे. ती घरी करून पाहण्यासारखी आहे. दोन सारख्या चिनीमातीच्या वाट्या घ्या. एकीत पाणी, दुसरीत तेवढेच शेंगदाण्याचे तेल. दोन्ही भट्टीत ठेवून अर्धा मिनिट चालवा, जास्त नको. बाहेर काढून पाहा. पाणी चांगले कोमट झालेले असेल, तेल मात्र त्या मानाने मागे राहिलेले असेल. एवढीच उष्णता चुलीवर दिली असती तर उलट झाले असते, कारण तेल तापायला पाण्याच्या निम्मीच उष्णता पुरते. म्हणजे तेलाने लहरी फारशा घेतल्याच नाहीत. पाण्याच्या रेणूला एक टोक धन विद्युतभाराचे आणि एक ऋण भाराचे असते. लहर आली की तो तिच्याबरोबर वळू पाहतो, सेकंदाला कोट्यवधी वेळा, आणि त्या झटापटीतून उष्णता निघते. तेलाच्या रेणूला अशी टोके जवळजवळ नाहीत. लहर त्याच्यातून निघून जाते.

म्हणजे तेल तापवायला म्हणून लहरी सोडायच्या, आणि तेल त्या घेतच नाही! मग ही युक्ती चालते कशी? पाण्यामुळे. तेलाच्या खडकात पाणी नेहमीच असते, बहुतेक खारे. वाळूच्या कणांना ते पातळ थरासारखे चिकटलेले असते आणि तेल त्याच्या आत कोंडलेले असते. लहर पाण्याला तापवते, पाणी कणाला आणि तेलाला तापवते. पंचपक्वान्नाच्या ताटात कुणी आमटीला वाढणी केली आणि जिलबी गरम झाली, असा हा प्रकार.

यातून आणखी एक गोष्ट घडते. ज्या पाण्याने लहर गिळली त्याची शेवटी वाफ होते आणि खडक कोरडा पडतो. कोरडा खडक लहरीला जवळजवळ काचेसारखा. मग लहर तेथून सुखाने पार होऊन पुढच्या ओल्या खडकाला भिडते. म्हणजे तापलेला गोळा विहिरीभोवती आपोआप वाढत जातो.

मात्र तो किती वाढतो, ते लहरीच्या लांबीवर अवलंबून आहे. डेक्कन क्वीनने तुम्ही मुंबईला गेला असाल, तर घाटातल्या बोगद्यात हातातला ट्रान्झिस्टर, आणि आता मोबाइल, मुका होतो हे तुम्हाला माहीत आहे. डोंगराचा ओला कातळ लहर आत येऊ देत नाही. भट्टीतली लहर १२ सेंटिमीटर लांबीची असते. ओल्या खारट खडकात ती फार तर वीत-दोन वीत शिरते. एवढ्याशा जागेत सगळी उष्णता ओतली, तर विहिरीचा गळा करपेल आणि पलीकडचे तेल थंडच राहील. लांब लहर अधिक खोल जाते. पुणे केंद्र २ ऑक्टोबर १९५३ रोजी सुरू झाले. त्याचा मध्यम लहरींवरचा ७९२ किलोहर्ट्झ हा आकडा जुन्या श्रोत्यांना पाठ आहे. त्या लहरीची लांबी सुमारे ३७९ मीटर. तेलाच्या कामाला या लहरीपासून तिच्याहून काही दहापट आखूड लहरींपर्यंतचा पट्टा बरा पडतो. म्हणजे भट्टीपेक्षा आपल्या रेडिओच्याच जवळचा, हे सांगताना मला थोडा अभिमान वाटला तर क्षमा करा. या लहरी खडकात काही मीटरपर्यंत उष्णता नेतात.

हे नुसते कागदावर राहिलेले नाही. १९८१ साली अमेरिकेत यूटा राज्यातल्या ॲस्फाल्ट रिज येथे शिकागोच्या एका संशोधनसंस्थेने तेलवाळूत धातूच्या नळ्यांच्या रांगा ठोकल्या आणि त्यांच्यामध्ये रेडिओलहरी सोडल्या. सुमारे पंचवीस घनमीटर वाळू, म्हणजे घरातली एक मध्यम खोली म्हणा, वीसेक दिवस तापवून तिच्यातले तिसरा हिस्सा तेल त्यांनी गोळा केले. पुढे तेलाचे भाव पडले आणि उत्साहही ओसरला. मग २०१२ साली आल्बर्टात स्टीपबँक येथे एका तेलखाणीत जमिनीत आडवी आकाशकाडी घालून चाचणी झाली. तिची कल्पना अशी, की लहरींनी थोडे तापवायचे आणि बरोबर प्रोपेन-ब्यूटेनसारखा द्रावक सोडायचा, म्हणजे कमी उष्णतेत भागेल आणि पाणी लागणार नाही. चाचण्या चांगल्या झाल्या. तरी वाफेची जागा या पद्धतीने घेतलेली नाही. ती का, ते पाहण्यासाठी जमाखर्च मांडायला हवा.

पेन्सिल घ्या. एक घनमीटर तेलाचा खडक शंभर अंशांनी तापवायचा. त्याला सुमारे ६७ युनिट उष्णता लागते. युनिट म्हणजे आपल्या वीजबिलावरचे. लहर तयार करणाऱ्या यंत्रात, तारांत आणि आजूबाजूच्या निरुपयोगी थरांत बरीच वाया जाणार, म्हणून मीटरवर शंभर युनिट धरू. ती वीज कोळशाची असेल, तर वीजकेंद्रात तिच्यासाठी तिप्पट, म्हणजे तीनशे युनिटांइतका कोळसा जळला. हा झाला खर्च.

आता जमा. खडक उत्तम आहे, त्यात तीस टक्के छिद्रे आहेत आणि त्यांतली पाऊण भाग तेलाने भरलेली आहेत. म्हणजे घनमीटरला सव्वादोनशे लिटर तेल. त्यातले निम्मे वर आले. एका लिटरमध्ये साडेदहा युनिट उष्णता, तेव्हा जमा झाली पावणेबाराशे युनिट. तीनशे देऊन पावणेबाराशे. सौदा बरा आहे.

पण खडक बेताचा निघाला तर? छिद्रे वीस टक्के, त्यांत तेल चाळीस टक्के, वर आला तिसरा हिस्सा. म्हणजे सत्तावीस लिटर, आणि जमा पावणेतीनशेच्या थोडी वर. खर्च मात्र तोच, तीनशे! कारण खडकाला तापायला तेवढीच उष्णता लागते, त्याच्या पोटात तेल असो वा नसो. चमचाभर तूप पातळ करायला अख्खी लोखंडी कढई तापवावी लागते, तसेच हे. माझे आकडे ढोबळ आहेत. एखादा तेल-अभियंता त्यांत दहा दुरुस्त्या सुचवील, आणि कोथरूडला एमआयटीत पेट्रोलियम अभियांत्रिकी शिकणारा विद्यार्थी तर हे गणित याहून नीट मांडील. पण हिशेबाचा कल यातून दिसतो. विजेने तेल तापवण्याचे भवितव्य लहरींच्या चमत्कारापेक्षा खडकाच्या श्रीमंतीवर आणि वीज कशाची आहे त्यावर अधिक अवलंबून आहे. ‘नव्या तंत्राने देशातले सारे जड तेल बाहेर काढू’ असे कोणी म्हणाले, की मी आधी विचारतो, घनमीटरला लिटर किती?

काटकसरीची एक वाट मात्र आहे, आणि मला ती सर्वांत शहाणपणाची वाटते. सगळा खडक तापवूच नये. अनंत चतुर्दशीची रात्र आठवा. लक्ष्मी रस्ता, टिळक रस्ता, केळकर रस्ता, कुमठेकर रस्ता, चारही बाजूंच्या मिरवणुका अलका चौकात येतात आणि तिथे सारे तुंबते. दूर मंडईजवळ रस्ता कितीही मोकळा केला तरी उपयोग नाही; चौक मोकळा केला तर मागचे सगळे हलते. तेलाचेही तसेच. ते चहूबाजूंनी विहिरीकडे येते आणि शेवटच्या काही मीटरांत सर्वांत जास्त अडते. तेवढाच भाग तापवला तर थोड्या विजेत विहिरीचा रोजचा उतारा दुपटी-तिपटीपर्यंत वाढू शकतो. यासाठी रेडिओलहरीही लागत नाहीत. घरातल्याच ५० हर्ट्झच्या विजेने विहिरीची पोलादी नळी चुंबकीय प्रवर्तनाने तापवता येते, किंवा दोन विद्युदग्रांमधल्या खाऱ्या पाण्यातून प्रवाह सोडून खडक तापवता येतो. मात्र यात दूरचे तेल गोठलेलेच राहते. विहीर जोरात चालते, एकूण तेल फारसे वाढत नाही. हा फरक जाहिरातीत सहसा सांगत नाहीत.

आपल्या देशात विद्युच्चुंबकीय तत्त्वावर तेल तापवण्याचे एक मोठे काम रोज चालू आहे. ते जमिनीखाली हजार मीटरवर नसून हात-दोन हात खोलीवर आहे. राजस्थानात बाडमेर जिल्ह्यात मंगला हे क्षेत्र २००४ साली सापडले आणि ऑगस्ट २००९ मध्ये तेथून उत्पादन सुरू झाले. हे तेल बलोलसारखे नाही. खाली, पोटातल्या उष्णतेत, ते चांगले वाहते. पण त्यात मेण फार. वर येऊन थंड झाले की आपल्या खोबरेल तेलासारखे थिजते, आणि तेही चाळिशीच्या आसपासच्या तापमानाला. ते गुजरातच्या किनाऱ्यापर्यंत न्यायचे कसे? त्यासाठी सुमारे ६७० किलोमीटर लांबीची, सगळ्या वाटेवर तापवलेली नळवाहिनी घातली आहे. पुण्याहून नागपूर रस्त्याने जेवढे, त्याच्या जवळपास हे अंतर येते.

ती तापते कशी, हे ऐकण्यासारखे आहे. मुख्य नळाला चिकटून एक बारीक पोलादी नळी जोडलेली असते. तिच्या आतून आवरण घातलेली तार जाते. विजेचा प्रवाह तारेने पुढे जातो आणि दूरच्या टोकाला नळीलाच जोडलेला असल्यामुळे नळीच्या पोलादातून परत येतो. पण पोलाद चुंबकीय असल्याने परतणारा प्रवाह नळीच्या सबंध जाडीतून पसरत नाही. तारेतल्या प्रवाहाच्या ओढीने तो आतल्या पृष्ठभागाला, मिलिमीटरभर जाडीच्या सालीत दाटून जातो. अरुंद वाट, म्हणून रोध जास्त, म्हणून उष्णता. आणि बाहेरच्या पृष्ठभागावर वीज जवळजवळ नाही; हात लावला तरी धक्का बसत नाही. याला ‘त्वचापरिणाम’ म्हणतात. ज्या गुणामुळे लहर खडकात खोल जात नाही, त्याच गुणाचा हा दुसरा चेहरा आहे. विहिरीत तो अडथळा ठरतो, नळवाहिनीत तोच कामाला येतो.

राहता राहिला प्रश्न वीज कशाची हा. राजस्थानातच, फलोदी जिल्ह्यात भडला येथे, वाळवंटात दोन हजार मेगावॉटहून मोठे सौर वीजक्षेत्र उभे आहे. सौर विजेची मोठी खोट अशी की ती रात्री नसते. पण जमिनीखालच्या खडकाला रात्र कसली? एकदा तापलेला जाड थर महिनोन् महिने ऊब धरून ठेवतो. दुपारी वीज स्वस्त असेल तेव्हा तापवा, रात्री थांबा, तेलाला पत्ताही लागणार नाही. असे झाले, तर आपल्या हिशेबातला तीनशेचा आकडा शंभरावर येतो आणि बेताचा खडकही परवडू लागतो. ओमानमध्ये अमल येथे सूर्याच्या उष्णतेने वाफ करून जड तेल काढण्याचे काम झाले आहे. लहरींच्या बाबतीत असे मोठे काम अजून व्हायचे आहे. यावर एक सरळ आक्षेप येतो, आणि तो मला टाळायचा नाही. एवढी स्वच्छ वीज हाती असेल तर ती घालून जमिनीतून धूर करणारे तेल कशाला काढायचे? तिच्यावर गाड्याच चालवाव्यात! शहरातल्या दुचाकीपुरते हे मला पटते. पण आपण लागणाऱ्या तेलातले बहुतेक बाहेरून विकत आणतो, आणि रस्त्याचे डांबर, वंगण, औषधांचा व प्लास्टिकचा कच्चा माल विजेच्या तारेतून येत नाही. जड तेलात डांबराचा अंश जास्त असतो. निदान त्यासाठी तरी बाघेवालाच्या वाळूखालचे तेल बाहेर काढणे योग्य होईल का, याचे उत्तर तेथल्या एकेका विहिरीचा जमाखर्च मांडूनच द्यावे लागेल.